खणाचा आतला कोपरा

“बोट घाला इथं, आत्या,” असे म्हणून मालकाने पत्र्याचा पांढरा खण खिडकीच्या उजेडाकडे तिरपा केला.

आत्यांनी तर्जनी आतल्या कोपऱ्यात घातली. दोन भिंती आणि तळ जिथे एकत्र येतात, तिथे रंगाचा गुळगुळीतपणा एकाएकी संपला आणि बोटाला खरखर लागली. बोट बाहेर काढले तेव्हा त्यावर गंजाची तांबूस रेघ उमटली होती.

“उघडा राहिलाय,” त्या म्हणाल्या.

“हा एकटाच नाही. बेचाळीस आहेत. दवाखान्यानं सगळे परत पाठवलेत. औषधांच्या कपाटाचे खण, रोज औषधी पाण्यानं पुसतात. महिन्याभरात गंज आला. दुसरी खेप सोमवारी जायचीय. ती पण अशीच गेली तर दारात उभं करणार नाहीत आपल्याला.”

“मग रंगाच्या गनचं व्होल्टेज वाढवून बघायचं होतंस.”

“वाढवलं ना! ऐंशीचं शंभर किलोव्होल्ट केलं. उलट जास्तच उघडं राहायला लागलं.” पुढचे वाक्य मालकाला जड जात होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. “आत्या, रागावू नका. तुमचा हात... हल्ली जरा थरथरतो ना. तुम्ही तयार मालाच्या बांधणीला बसा. खुर्ची देतो, पंखा देतो. गन दुसरं कुणीतरी धरेल.”

मालक सात वर्षांचा असताना शाळेतून सरळ या कारखान्यात येई आणि आत्यांच्या डब्यातले खाई. तोच त्यांना आत्या म्हणू लागला आणि पुढे सगळ्यांनीच ते नाव उचलले. त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला भट्टीवालासुद्धा.

एकोणतीस वर्षे आत्यांच्या हातात गन होती. काम सांगायला सोपे होते. हुकाला टांगलेल्या वस्तूला हुकातूनच अर्थिंग द्यायचे, म्हणजे जमिनीशी जोडायचे, गनमधून कोरडी रंगीत पावडर वाऱ्याबरोबर फुंकायची. गनच्या टोकाला हजारो व्होल्टची वीज; तिच्या स्पर्शाने भारलेले कण वस्तूला जाऊन चिकटतात, आणि मग भट्टीत वितळून त्यांचा रंग होतो. आत्या हे रोज करीत होत्या. ते असे का होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनीही कोणाला विचारले नव्हते.

आज मात्र त्यांनी विचारले. “हात थरथरतो, कबूल. पण मग कोपराच का रे उघडा राहतो? माझा हात काय कोपरा बघून थरथरतो?”

भट्टीवाला लांबूनच म्हणाला, “कोपरा लाजाळू असतो, आत्या. नव्या सुनेसारखा.”

“माझी सून बघितली नाहीस तू,” आत्या म्हणाल्या. मग त्यांनी तो खण कापडी पिशवीत घातला. “सोमवारपर्यंत गन माझ्याकडे राहू दे. दोष माझ्या हाताचा असेल तर मी स्वतः खाली ठेवीन. पण आधी मला कळू दे.”

बांधणीच्या खुर्चीचे त्यांना भय नव्हते. आपल्या हाताने एवढी वर्षे जे केले ते हातानेच बिघडवले की आणखी कशाने, हे न कळताच त्या खुर्चीवर बसावे लागेल, हे मात्र त्यांना सोसणारे नव्हते.

संध्याकाळी सून स्वयंपाकघराच्या टेबलावर विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होती. ती वरच्या वर्गांना विज्ञान शिकवी. मुलगा नोकरीमुळे परगावी असे, म्हणून घरात या दोघीच. आणि दोघींचेही एकमेकींवाचून पान हलत नसे, हे दोघीही कधी मान्य करीत नसत.

आत्यांनी वह्यांवरच खण ठेवला.

“अहो आई! मुलांच्या वह्या आहेत त्या.”

“असू देत. मला सांग, या कोपऱ्यात पावडर का जात नाही?”

सुनेने खण फिरवून पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर उत्तर ठाऊक असल्याचे समाधान पसरले. “सोपं आहे. पोकळ वाहकाच्या आत विद्युतक्षेत्र शून्य असतं. हा तर उघडा डबा आहे, पण खोल कोपऱ्यात जवळजवळ तसंच.”

“असतं म्हणजे? का असतं?”

“नियम आहे तो.”

“नियम कुणी केला? तुझ्या मुख्याध्यापकांनी?”

सून हसली; मग हळूहळू तिचे हसू मावळले. “खरं सांगू? अकरा वर्षं मी फळ्यावर हे लिहितेय. पण कधी करून बघितलं नाही. आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र मी जायच्या आधीपासून बंद आहे.”

“मग बघू या.”

सुनेने पिठाची लोखंडी जाळीची खोलगट चाळणी काढली. पातळ कागदाच्या अरुंद पट्ट्या कापून काही जाळीला बाहेरून, काही आतून, वरच्या टोकाशी चिकटवल्या. नळाच्या प्लास्टिक पाईपचा तुकडा लोकरीच्या शालीवर खसाखसा घासला आणि एका हातात चाळणी धरून तो पाईप तिच्या काठावर फिरवला. काहीच झाले नाही. पुन्हा घासला, पुन्हा फिरवला. पट्ट्या निमूट लोंबत राहिल्या.

“पुस्तकात तर होतं,” सून ओशाळून म्हणाली.

आत्या मात्र तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहत होत्या. “अगं, चाळणी तू हातात धरलीयस. तू जमिनीवर उभी. म्हणजे अर्थिंगच दिलंस की तिला! वर घातलेलं सगळं तुझ्यातून खाली जातंय.”

सुनेने चाळणी टेबलावर ठेवली. “आई, तुम्ही माझ्या वर्गात का नव्हता?”

“फी परवडली नसती.”

त्यांनी प्लास्टिकचा डबा पालथा घालून त्यावर चाळणी ठेवली. या वेळी पाईप तिसऱ्यांदा काठावरून गेला तेव्हा बाहेरच्या पट्ट्या हलल्या, जाळीपासून सुटल्या आणि कोणीतरी हळूच फुंकर घातल्यासारख्या बाहेरच्या दिशेने तरंगत राहिल्या. आतल्या पट्ट्या तशाच स्थिर. एकाच जाळीच्या दोन बाजू, मध्ये तारेइतकेच अंतर.

आत्या गुडघे टेकून बसल्या आणि डोळे चाळणीच्या उंचीला आणून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. देवघरात बसावे तशा त्या बसल्या होत्या.

“सारखा प्रभार सारख्याला दूर लोटतो,” सून आता सावकाश बोलू लागली. जणू स्वतःलाच प्रथम समजावत होती. “जाळीवर आलेल्या प्रत्येक कणाला दुसऱ्यापासून लांब पळायचंय. पळून पळून जाणार कुठं? बाहेरच्या बाजूला. आत कुणी राहतच नाही.”

“पण माझ्या खणाला अर्थिंग असतं. त्याच्यावर कुठला आलाय प्रभार?”

“येतो. गन समोर आली की जमिनीतून उलट्या जातीचा प्रभार खणावर ओढला जातो. तोही कडांवरच गर्दी करतो.” सुनेने एका वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर खण काढला, समोर गनचे टोक काढले आणि टोकापासून बाण ओढू लागली. एकेक बाण वळून खणाच्या कडेवर टेकत गेला. कोपऱ्यात एकही पोचला नाही. “हे क्षेत्र. तुमची पावडर या वाटांनी जाते.”

“मग शंभर केल्यावर जास्त बिघडलं ते?”

“गनच्या टोकाला डोंगरमाथा समजा आणि खणाला पायथा. व्होल्टेज म्हणजे माथ्याची उंची. त्याला आम्ही विभव म्हणतो. अंतर तेवढंच ठेवून उंची वाढवली तर काय होईल?”

“चढ तीव्र होईल. म्हणजे उतार.”

“तो उतार म्हणजेच क्षेत्र. उतार जितका कडक, तितके कण धावत सुटणार, पहिली कड दिसली की तिथंच आदळणार.”

आत्यांनी पेन्सिल तिच्या हातातून घेतली. “म्हणजे उतार कमी केला, तर गनचा वारा त्यांना ढकलत आत नेईल.”

सुनेने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, “उद्या बघा. पण आई, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशामुळं काय झालं ते कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी व्होल्टेजचा आकडा चाळीसवर आणायला सांगितला तेव्हा मालकाने कपाळावर हात मारला.

“शंभरला जात नाही ते चाळीसला जाईल? आत्या, ही वीज आहे, घासाघीस नाही!”

“एक खण वाया गेला तर माझ्या पगारातून काप.”

खण हुकाला लागला. आत्यांनी गन धरली, घोडा दाबला. पांढरा ढग खणात शिरला. वीस मिनिटे भट्टीत गेली. भट्टीवाल्याने चिमट्याने खण बाहेर काढला, निववला, आणि मालकाने स्वतः आत बोट घातले. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. चारही गुळगुळीत.

“आत्या!” तो ओरडलाच. “आत्या, तुम्ही तर... अहो, मी तुमच्या हाताला नावं ठेवली. माझंच चुकलं. गन तुमचीच. मरेपर्यंत तुमची!”

“कोणाच्या मरेपर्यंत ते स्पष्ट करून घ्या, आत्या,” भट्टीवाला म्हणाला आणि सगळे हसले. वस्तू हुकांना टांगणारी बाई, जिला सगळे टांगणीवाली म्हणत, तिने तर टाळ्याच वाजवल्या.

आत्याही हसल्या. पण त्यांची नजर कोपऱ्यावरून सरकून खणाच्या आतल्या भिंतीवर गेली होती. त्यांनी खण तिरपा केला. तिरप्या उजेडात भिंतीवर लाटा दिसल्या. एक पट्टा संत्र्याच्या सालीसारखा जाड, त्याच्या शेजारचा पातळ, मग पुन्हा जाड. त्यांनी मायक्रॉनमध्ये जाडी मोजायचे मीटर लावले. साठ. एकशे दहा. सत्तर. एकशे पाच.

असे पूर्वी कधी झाले नव्हते. ऐंशीवर त्यांची सपाटी आरशासारखी येई. मग आज काय बदलले? आकडा. आकड्याने लाटा कशा येतील?

त्या खण मांडीवर घेऊन बसल्या आणि कालची चाळणी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. सारखा सारख्याला लोटतो. ऐंशीवर जिथे थर जाड होई, तिथले आधी बसलेले कण नव्याला हुसकावत असतील. नवा मग शेजारच्या पातळ जागी जाऊन बसत असेल. म्हणजे हात कुठेही हलला तरी वीज ते सारखे करून घेत होती. चाळीसवर तिचा जोर ओसरला, आणि हाताने जिथे टाकले तिथेच कण राहिले.

उत्तर इतके नेटके होते की प्रथम त्यांना आनंदच झाला. त्यामागून त्याचा अर्थ आला.

पण तो अर्थ अजून अंदाजच होता. त्या उठल्या आणि टांगणीवालीकडे गेल्या. “ये गं. गन धर.”

“मी? आत्या, मी फक्त सुट्टीच्या दिवशी कधीतरी फाटकाच्या गजांना रंग मारलाय.”

“तेवढं पुरे. तीच गन, तीच पावडर, आकडा चाळीस. सरळ वरून खाली, सरळ खालून वर. घाई नको.”

दुसरा खण भट्टीतून आला. आत्यांनी मीटर पाच ठिकाणी लावले. ऐंशी, ऐंशी, पंच्याऐंशी, ऐंशी, पंच्याऐंशी मायक्रॉन. भिंत शांत होती. त्यांनी दोन्ही खण शेजारी ठेवले आणि मालकाला बोलावले.

“बघ. कोपऱ्याचा दोष माझा नव्हता. भिंतीचा आहे.”

मालकाने पाहिले आणि मान वर केली. “आत्या, कुणाला दिसतंय हे? दवाखान्याला कोपरे हवेत. कोपरे झाले.”

“मला दिसतंय. जाड पट्टा उद्या टवका होऊन पडतो, तुला माहीत आहे.”

“पण ऐंशीवर तर तुमचं...”

“ऐंशीवर वीज सांभाळून घेत होती मला. किती दिवस, देव जाणे.” त्यांच्या आवाजात खेद होता, पण त्याहून अधिक काहीतरी होते, एखादे कोडे सुटल्यावर माणसाच्या आवाजात येते ते. “आतून रंग मारायच्या वस्तू चाळीसवरच माराव्या लागणार. त्याला स्थिर हात पाहिजे. हिचा आहे.”

टांगणीवाली कावरीबावरी झाली. “आत्या, मी तुमची जागा नाही घेणार.”

“वेडी आहेस का? जागा घेणार नाहीस तर काय, इथं उभी राहून माझ्या लाटा मोजणार? गन खणाच्या तोंडापासून एक वीत. त्याहून जवळ नको.”

मालक हळूच म्हणाला, “मग बांधणीला खुर्ची टाकू?”

“खुर्ची तुला ठेव. मी टांगणी करते.”

सोमवारची खेप तयार करायला संपूर्ण दिवस लागला. आत्या एकेक हुक घेत, खणाला अर्थिंग नीट मिळावे म्हणून त्यावरचा जुना रंग कानशीने खरवडून आतले लोखंड चकाकेपर्यंत उघडे करीत, मगच त्याला खण लावीत. कानस धरलेला हात थरथरे. लोखंडाला त्याचे काही नव्हते. टांगणीवालीने घोडा दाबला की त्या काम थांबवून कठड्याला टेकत. इतकी वर्षे त्या गनच्या मागे उभ्या होत्या. तिथून पुढे जाणारा ढग तेवढा दिसे. आता प्रथमच त्या बाजूला उभ्या होत्या. खणाला चुकवून गेलेली पांढरी पावडर पुढे जाऊन हवेतच रेंगाळली, सुनेने काढलेल्या बाणांसारखी वळली, आणि कोणी बोलावल्यासारखी मागच्या बाजूने परत येऊन पत्र्यावर बसली.

“पुढचा द्या, आत्या,” टांगणीवाली म्हणाली.

“थांब जरा,” आत्या म्हणाल्या. “हा पुरा बघू दे.”