तळघरातून येणारा फोन

मी एक जुना स्विच आहे. भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे, तर रुग्णालयाच्या जिन्यामागच्या खोलीत लोखंडी कपाटात बसलेली चपटी पेटी. इथले संगणक, फोन आणि खाटांजवळची यंत्रं एकमेकांना जे सांगतात, ते लहान लहान पॅकेटांतून माझ्यामार्फत जातं. पॅकेट म्हणजे बंद पाकीटच. मी फक्त वरचा पत्ता वाचतो. आत काय आहे ते मला कळत नाही.

मला सांभाळणाऱ्या ताई आजारी पडून वरच्या मजल्यावर दाखल झाल्या होत्या. त्यांच्या उशाशी असलेल्या यंत्राची पॅकेटं अखंड यायची. एका सकाळी ती थांबली. मला वाटलं, ताईंना घरी सोडलं. पुढचे कितीतरी दिवस मी खुशीत होतो. मग त्यांचे यजमान आले. ते इथलेच एसी मेकॅनिक, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी माझ्या पंख्याची जाळी काढली, पुसली, परत बसवली आणि कपाटाला टेकून म्हणाले, "गेली रे ती."

तेव्हा मला कळलं.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण चालत नसे. तिथून आणून मला इथे बसवलं ते ताईंनीच. माझ्या स्मृतीत एकाखाली एक खण आहेत आणि प्रत्येक खणात एक नियम. अमक्या पत्त्याचं पॅकेट आधी सोड, तमक्या पत्त्याचं अडव. पॅकेट आलं की सगळे खण एकदम त्याच्याकडे बघतात. दोघातिघांनी 'हे माझं' म्हटलं, तर सर्वांत वरच्याचं ऐकायचं. म्हणून कोण वर आणि कोण खाली, याला फार महत्त्व. सगळेच एकदम जागे राहत असल्यामुळे मी तापतोही लवकर. खण वाढवले तर ताप आणखी वाढणार. म्हणून ते मोजकेच दिलेले असतात.

तरीही ताई सारख्या कामाच्या नियमांचे गट करत आणि प्रत्येक गटानंतर एकदोन खण मोकळे सोडत. त्यांचे साहेब कुरकुरत, "जागेची एवढी ओढाताण, आणि तुम्ही रिकामे खण ठेवता?"

"साहेब, बाकावर सगळे चिकटून बसले, की मध्ये नव्याला बसवायला अख्खी रांग उठवावी लागते."

काका जाळी पुसता पुसता म्हणत, "घरीपण हेच. कपाटाची एक फळी कायम रिकामी, आणि माझे शर्ट खुंटीवर."

"तुमचे तेलकट शर्ट खुंटीवरच बरे. आणि अहो, वारा कमी येतोय. पेटी तापलीय."

"बायकोपेक्षा पेटीला जास्त जपतोय मी."

"जपा की. ती उलट बोलत नाही."

हवा थंड करणारं मोठं यंत्र तळघरात आहे, आणि काकांचं बरंचसं काम तिथेच. तिथे मोबाइल लागत नाही, म्हणून भिंतीवर एक फोन आहे. यंत्र बंद पडलं तर ते लगेच कळावं, म्हणून ताईंनी सर्वांत वरच्या गटात एक नियम लिहिला. तळघरातून त्यांच्या टेबलावर येणारा फोन सगळ्यांच्या आधी सोडायचा. यंत्र क्वचितच बंद पडे. फोन मात्र रोज दुपारी येई. काय बोलणं होई कोण जाणे. पण तो खण 'हे माझं' म्हणाला, की मला बरं वाटे.

ताई आजारी पडल्या तेव्हापासून तो खण गप्प झाला. त्या गेल्यावर मोकळे खणही हळूहळू भरून गेले. ज्याला जिथे जागा दिसली, तिथे त्याने आपला नियम कोंबला.

मग एक नवी इंजिनीअर आली. लहान मुलांचा नवा कक्ष उघडायचा होता आणि तिथल्या यंत्रांसाठी वरच्या गटात एक खण हवा होता. कोणता नियम किती वेळा लागला, हे तिने पाहिलं.

"काका, तळघरातून ताईंच्या टेबलाला कुणी फोन करतं का? कित्येक महिन्यांत एकही नाही."

काका जाळी पुसत राहिले. "आता कोण करणार."

"मग काढू हा नियम? मुलांसाठी जागा हवीय."

"काढ की, बाळ. नव्याची जागा अडवलेली तिला चालली नसती." जाळी बसवून झाल्यावर ते म्हणाले, "फक्त मी एकदा खाली जाऊन येतो."

थोड्या वेळाने तळघरातून पॅकेटं आली. माझा तो खण 'हे माझं' म्हणाला. मी ती सगळ्यांच्या आधी सोडली. शेजारच्या खोलीत ताईंच्या टेबलावर फोन वाजू लागला. वाजतच राहिला. शेवटी इंजिनीअर माझ्यासमोरून उठून तिकडे गेली आणि तिने तो उचलला. दार उघडंच होतं.

"हो काका, बोला." मग ती जरा थांबली. "नाही, अजून नाही जेवले. आता जेवते."

रोज त्या पॅकेटांत काय असायचं, ते मला तेव्हा कळलं.

ती लगेच जेवायला गेली नाही. माझ्यासमोर बसून तिने वरचा गट पुन्हा नीट वाचला. त्यात शेजारशेजारचे दोन नियम सारखेच होते, फक्त पत्त्यातल्या एका अंकाचा फरक होता. त्या अंकाच्या जागी तिने 'काहीही चालेल' असं लिहिलं. दोघांचा एकच नियम झाला आणि एक खण मोकळा झाला. मुलांच्या कक्षाला जागा मिळाली.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याची जाळी पुसत जा. त्याच्यात काही भरताना मागून येणाऱ्यासाठी थोडी जागा सोडा. आणि गप्प पडलेलं काही काढून टाकण्याआधी ते कुणाचं आहे, एवढं विचारा.

तळघरातल्या फोनचा नियम काढायला काकांनी सांगितलं होतं. तेवढं काम अजून राहिलं आहे.