मी चंद्र पुसला होता

माझ्या डोक्यावर आता मोजून अकरा केस उरले आहेत. तेव्हा मित्रांनो, मी जुना आहे हे वेगळे सांगायला नको. मी एक कुंचला आहे. भिंतीएवढी चित्रे रंगवणारा नव्हे, अगदी बारीक. ज्या कारागिराने मला बांधले, त्याने माझे टोक ओठांवर ओले करून पाहिले आणि म्हणाला, "हा सुईच्या नाकातून जाईल." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे मिरवलो.

माझे काम छापखान्यात होते. फोटो तयार होताना धुळीचा कण मध्ये आला, की कागदावर पांढरा ठिपका उमटतो. त्यावर आजूबाजूचाच रंग टेकवून तो दिसेनासा करायचा. होत्याचे नव्हते करण्यातच माझा जन्म गेला म्हणा ना. मला चालवणाऱ्या बाईंना सगळे ठिपकेबाई म्हणत. आधी त्या चिडायच्या. पुढे खरे नाव घेऊन हाक मारली तरी वळून बघेनाशा झाल्या. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, डावा डोळा मिटून, त्या दिवसभर भिंगातून बघत.

पहिल्याच वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. एका माणसाने वारलेल्या आईचा फोटो मोठा करायला दिला होता. तिच्या भुवईत एक पांढरा ठिपका होता, तो आम्ही पुसला. फोटो बघून तो माणूस म्हणाला, "ही माझी आई नाही. इथं व्रण होता. लहानपणी माझाच दगड लागला होता तिला." ठिपकेबाईंचा चेहरा पडला. त्यांनी ओल्या कापसाने रंग काढून व्रण परत आणला. त्यानंतर वीस वर्षे त्या डोळ्यांत तेल घालून बसल्या आणि तक्रार म्हणून आली नाही.

मग एके सकाळी मुलांच्या पुस्तकासाठी एक जाड पाकीट आले. आत एकच मोठा, काळा-पांढरा फोटो होता. आकाशात सोडलेल्या यानाने काढलेला शनीचा.

मालक वाकून बघत म्हणाले, "शनी मागे लागतो असं ऐकलं होतं. हा तर पुढ्यात येऊन बसला."

ठिपकेबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला हातात घेतले आणि भिंग फोटोवर धरले. मित्रांनो, मी हजारो चेहरे जवळून पाहिले होते, पण असा चेहरा पाहिला नव्हता. ढगांचे पट्टे एकावर एक, काठाशी सायीसारखे दुमडलेले. मध्येच एक भोवरा. पाकिटातल्या चिठ्ठीत लिहिले होते, की त्यात आपली सगळी पृथ्वी मावेल. माझ्या टोकाखाली तो मुगाच्या दाण्याएवढा होता. भोवती कडी, इतकी नीट आखलेली, की आमच्या छापखान्यात कुणाला तशी रेघ ओढता आली नसती. आणि त्या कड्यांची सावली ढगांवर पडलेली. तिथे कधी कुणी गेले नव्हते, आणि तरी तिथे ऊन होते, सावली होती. मला भरून आले. मी भिजलो होतो तो काही नुसत्या पाण्याने नव्हे.

मग कामाला लागलो. ग्रहाच्या बाजूच्या काळ्या आकाशात पाच पांढरे ठिपके होते. आम्ही एकेक करून पाचही बुजवले आणि वर पारदर्शक कागद ठेवून त्या जागी गोल काढले, आमच्या पद्धतीप्रमाणे. ढगांवर काळे ठिपकेही होते. ते पात्याने खरवडायचे, ते काम जेवणानंतर.

तेवढ्यात प्रुफे तपासणारे काका आले. त्यांना सगळे कानामात्राकाका म्हणत.

"बाई, फोटोखाली छापायला 'शनी आणि त्याचे दोन चंद्र' असं आलंय. मला तर एकच दिसतोय."

ठिपकेबाईंनी पाहिले. एक ठळक चंद्र होता, दुसरा नव्हता. त्यांनी मला खाली ठेवले, आणि माझी तर पाचावर धारण बसली.

मालक म्हणाले, "मग 'एक चंद्र' करा. मोजायला कोण वर जाणार आहे?"

"मुलं फोटोत मोजतील," ठिपकेबाई म्हणाल्या. "आणि मालक, चूक ओळीची नाही. दुसरा चंद्र मी पुसलाय."

"फोटो पाठवणारं कार्यालय सोमवारपर्यंत बंद. पान आज चार वाजता छपाईला जाणार. करा काय करायचं ते."

व्रण पुसला तेव्हा एक माणूस तक्रार घेऊन आला होता. चंद्रासाठी कोण येणार होते? चाळीस हजार पुस्तके छापायची होती. चाळीस हजार मुलांच्या आकाशातून एक चंद्र कायमचा गेला असता, आणि तोही माझ्या टोकाने.

बाईंनी ओल्या कापसाने पाचही ठिपके मोकळे केले. भिंग लावले. पाचही सारखेच. चार धुळीचे कण, एक चंद्र, आणि कोण कोणता काही कळेना. घड्याळात तीन वाजले. काहीतरी करायचे म्हणून त्यांनी पाते उचलले आणि ढगांवरच्या काळ्या ठिपक्याला लावले. तसाच आणखी एक थोडा दूर होता.

पाते तिथेच थांबले.

"काका, हे दोन काळे ठिपके किती गोल आहेत बघा."

"असतील की."

"धूळ कुठं एवढी गोल असते? कड्यांची सावली पडलीय ढगांवर. मग चंद्रांची नाही पडणार?"

काकांनी आपली पट्टी पुढे केली. बाईंनी ती ठळक चंद्रापासून जवळच्या काळ्या ठिपक्यापर्यंत ठेवली. ऊन एकच, तेव्हा सावल्याही एकाच दिशेला. मग पट्टी तशीच, जराही तिरपी न होऊ देता, दुसऱ्या काळ्या ठिपक्यापर्यंत सरकवली. पाच पांढऱ्या ठिपक्यांपैकी एकच पट्टीच्या काठाला येऊन टेकला.

"हा," बाई म्हणाल्या.

चार ठिपके आम्ही पुन्हा बुजवले. पाचव्याशी आल्यावर बाईंनी मला वर उचलून धरले, टेकवले नाही. एवढे मोठे काम मी आयुष्यात दुसरे केले नाही. दोन्ही काळे ठिपकेही तसेच राहिले. सोमवारी बाईंनी कार्यालयात फोन करून जागा सांगितली, तेव्हा पलीकडून "हो, तोच" असे उत्तर आले. कानामात्राकाका म्हणाले, "आमच्याकडून मात्रा गळते, तुमच्याकडून चंद्र." तेव्हा कुठे बाई हसल्या.

पुढे संगणक आले. ठिपके आपोआप जाऊ लागले, छापखाना मिटला आणि मी बाईंच्या घरी एका डब्यात पडलो. केस गळत गेले. आता त्यांची नात माझ्याने संगणकाच्या बटणांमधली धूळ झाडते. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

पण परवा तिने पडद्यावर शनीचे नवे फोटो उघडले. ढग मधाच्या रंगाचे होते. इतक्या वर्षांत मला त्यांचा रंगच ठाऊक नव्हता. बाई खुर्ची ओढून बसल्या.

"आजी, इथं धूळ बसलीय," म्हणत नातीने मला एका ठिपक्यावरून फिरवले. ठिपका हलला नाही. तिने पुन्हा फिरवले.

"नाही जाणार तो," बाई म्हणाल्या. "ढगांवर बघ, त्याची सावली सापडते का."

नातीने नाक पडद्याला लावले. मी तिच्या मुठीत होतो आणि माझे अकराही केस ताठ झाले होते.

"सापडली," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, कुंचला वापरलात की धुऊन ठेवा, केसांवर उभा करू नका. आणि एखादा ठिपका तुम्हाला नकोसा वाटला, तर पुसण्याआधी त्याची सावली शोधा. आम्ही ती पुसल्यानंतर शोधली. पाते जरा लवकर फिरले असते, तर तीही उरली नसती.