परवानाधारक आजी

हेदर फुकटातल्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नसे. सासू ग्लेनिस तिच्या लहानग्या टोबीला तीन वर्षं फुकट सांभाळत होती, तेही ती मोठ्या मनाने चालवून घेत होती.

मग इंग्लंडातल्या बार्न्सली गावातल्या तिच्या ऑफिसात पाळणाघराच्या व्हाउचरची योजना आली. पगारातला काही भाग रोख न घेता व्हाउचरच्या रूपात घ्यायचा. तेवढ्या भागावर कर नाही. हेदरने लगेच बेत आखला. व्हाउचरं सासूला द्यायची, सासूने ती वटवून पैसे गुपचूप परत करायचे. कर वाचला आणि पैसाही घरातच.

पण सरकारने तिच्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले होते. नुसती आजी चालत नव्हती. मुलं सांभाळायचा परवाना असलेली आजी हवी होती, आणि तिने स्वतःच्या घरी परक्याचंही एखादं मूल सांभाळायला हवं होतं. हेदरने सासूमागे भुणभुण लावली. बिचारी ग्लेनिस प्रथमोपचार शिकली, तिने जिन्याला फाटक बसवलं, तपासणीला आलेल्या बाईला चहा-केक दिला. परवाना आला. शेजारच्या दोन मुली येऊ लागल्या.

त्यांच्या आया रोज दारात आभार मानत. एकीने तर फुलं आणली. सुनेच्या राज्यात हा प्रकार ग्लेनिसला अगदीच नवा होता.

महिनाअखेरीस हेदरने पैसे परत मागितले. ग्लेनिसने शांतपणे दरपत्रक पुढे केलं. उशिरा नेलं तर जादा आकार, सुट्टीच्या दिवशी बंद. हेदर नवऱ्यापाशी रडगाणं घेऊन गेली. क्रेग आईचा मुलगा आणि बायकोचा नवरा, म्हणून त्याने टीव्हीवरच्या फुटबॉलचा आवाज वाढवला.

पुढे एका सकाळी टोबीला उलट्या झाल्या. नेमकी त्याच दिवशी हेदरची बढतीची मुलाखत होती, जिच्यासाठी ती वर्षभर साहेबाच्या रटाळ विनोदांना हसत आली होती. उलट्या होणारं मूल दोन दिवस घ्यायचं नाही, हा ग्लेनिसचा नियम तिला पाठ होता. तरी टोबीला टॉवेलात गुंडाळून तिने सासूचं दार वाजवलं.

"ग्लेनिस, आज परवाना-बिरवाना राहू द्या. आजी म्हणून घ्या त्याला."

आत त्या दोन मुली नाश्ता करत होत्या. ग्लेनिसला भरून आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

"आजी म्हणून तीन वर्षं घेतला, पोरी. कांजिण्या आल्या तेव्हाही घेतला. मग तुला आजीपेक्षा परवाना महत्त्वाचा वाटला. आता या दोघींना लागण झाली तर त्यांच्या आयांना मी काय तोंड दाखवू?"

टोबीने दोन्ही हात पुढे केले. ग्लेनिसने ते धरले नाहीत.

हेदरने तिथेच पायरीवर बसून ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं, मुलाखतीला येता येणार नाही, मूल सांभाळायला कोणी नाही.