आठ गुणांचा प्रश्न

माझ्या धाकट्या बहिणीला शालान्त परीक्षेत मी नापास केलं. तिचा पेपर माझ्याकडे तपासायला आला नव्हता, मी तिला फक्त शिकवलं होतं. पण एवीतेवी गोष्ट तीच.

धाकटी रुग्णालयात आया आहे. एकोणीस वर्षं ती एकाच वॉर्डात होती, म्हाताऱ्या बायकांच्या. अंग पुसायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं, भरवायचं. बायका तिला मावशी म्हणायच्या, आणि त्यातल्या निम्म्या आमच्या आईच्या वयाच्या असायच्या. गेल्या वर्षी वरून फर्मान निघालं की यापुढे वॉर्डात शालान्त पास असलेल्यांनाच ठेवायचं. बाकीच्यांची बदली तळघरात, धुलाईघरात. चादरींना प्रमाणपत्र लागत नाही. मुदत दोन परीक्षांची दिली होती.

पहिल्या परीक्षेत धाकटी सगळ्या विषयांत काठावर का होईना, पण निघाली. फक्त समाजशास्त्रात अडकली. तिच्या पाठांतरात काही खोट नव्हती. खोट अशी की विचारलं एक, तर ती सांगायची सगळं. ‘व्याख्या लिहा’ म्हटलं की ही दीड पान लिहिणार. त्यात बाजूच्या धड्यातलंही येणार, वर ‘माझ्या मते’ म्हणून आपलं शेपूट जोडणार. फिनेलने चिरा पडलेल्या बोटांनी तिचा हात आधीच हळू चालतो. तीन तास संपले तेव्हा ती अर्ध्यावर होती.

मग ती माझ्याकडे आली. मी सव्वीस वर्षं शिकवलं आहे आणि तेवढीच वर्षं बोर्डाचे गठ्ठे तपासले आहेत. तिला म्हटलं, तुला धडे येतात, प्रश्न वाचता येत नाही. प्रश्नाचा शेवट म्हणजे हुकूम. हुकूम काय आहे ते बघ आणि तेवढाच पाळ.

ड्यूटी संपवून दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. मी जुने पेपर काढले. ‘व्याख्या लिहा’ म्हणजे एक वाक्य, फार तर दोन. ‘कारणे द्या’ म्हणजे दोन गुणांना दोन कारणं, तिसऱ्याचे गुण कुणी देत नाही. ‘फरक स्पष्ट करा’ म्हणजे मधे रेघ आणि मुद्द्यासमोर मुद्दा. आधी एकाचं सगळं पुराण मग दुसऱ्याचं, असं नाही. ‘वर्णन करा’ असेल तिथे कसं आहे ते सांगायचं, का आहे ते नाही. ‘थोडक्यात’ लिहिलं असेल तर नमनाला घडाभर तेल जाळायचं नाही. ती प्रत्येक हुकूम पेन्सिलीने अधोरेखित करायची आणि मगच उत्तराला हात घालायची. पंधरा दिवसांत सुधारली. हुकूम पाळण्यात तिचा हात कोण धरणार? तिचा जन्म त्यातच गेला होता.

एवढं मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

वॉर्डात आयांसाठी एक शिस्त असते. नातेवाइकांनी काहीही विचारलं, अगदी ‘आज जेवली का’ एवढंही, तरी उत्तर एकच: मोठ्या सिस्टरना विचारा. नवी असताना धाकटीने एका मुलाला सांगितलं होतं की आईंचं काही खरं दिसत नाही, आजच भेटून घ्या. म्हातारी त्याच रात्री गेली, म्हणजे धाकटीचं खरं ठरलं. तरी तिला लेखी समज मिळाली. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलं. वॉर्डात न बोललेलं ती उत्तरपत्रिकेत बोलायची, त्या ‘माझ्या मते’मध्ये. आणि ते शेपूट दिसलं की मी तांबड्या पेनाने कापायची. “तुझं मत कुणी विचारलंय?” असं मी तिला किती वेळा म्हटलं, त्याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी ती मान डोलवायची आणि पुढचं लिहायची.

‘तुमचे मत लिहा’ असाही एक प्रश्न असतो. तो मी शेवटच्या दुपारी घेतला, उठता उठता. म्हटलं, यात शिकवण्यासारखं काही नाही, वाटेल ते लिहायचं. ती ‘बरं’ म्हणाली. मी चहा टाकला. माझ्यासारखी मास्तरीण आणि शिकवण्यासारखं तेच शिकवायचं राहिलं.

निकाल लागला तेव्हा तिला एकतीस गुण होते. पास व्हायला पस्तीस लागतात.

मी अर्ज करून तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. बेरीज चुकली असेल, एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल, अशी वेडी आशा. बेरीज बरोबर होती. हात हळू असल्यामुळे मोठा प्रश्न आधी सोडव असं मीच सांगितलं होतं, म्हणून पहिल्याच पानावर आठ गुणांचा प्रश्न होता: ‘वृद्धांची काळजी घरी घ्यावी की संस्थेत? तुमचे मत सकारण लिहा.’ तिने प्रश्न स्वच्छ अक्षरात उतरवला होता. ‘तुमचे मत’ या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती. खाली उत्तर होतं, ‘हे सांगण्याचा अधिकार मला नाही. मोठ्या सिस्टरना विचारावे.’

शेजारी तांबड्या शाईत शून्य आणि एक उद्गारचिन्ह.

त्या उद्गारचिन्हाचा अर्थ मला चांगला माहीत आहे. तपासणीच्या खोलीत तीस-चाळीस जण ओळीने बसतो, मान मोडून येते, आणि मग कुणालातरी असं रत्न सापडतं. तो ते मोठ्याने वाचून दाखवतो. सगळे हसतात, जरा बरं वाटतं, पुन्हा गठ्ठा ओढतो. मीही वाचून दाखवलेली आहेत आणि बाकीच्यांपेक्षा जास्त नाट्य करून. शिवाय पहिल्या पानावर असं काही दिसलं की पुढची सगळी उत्तरपत्रिका हात आखडून तपासली जाते. कबूल कुणी करत नाही, पण जाते. धाकटीचे फरक मुद्द्यासमोर मुद्दा होते, कारणं मोजून दोन होती. तपासणाऱ्याने तरी जागोजागी अर्धा-अर्धा गुण कापला होता. मला त्याचा राग येईना. त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

मोठ्या सिस्टरना मी जाऊन भेटले. बाई सज्जन. म्हणाल्या, अशी बाई मला पुन्हा मिळायची नाही, पण नियम माझ्या हातात नाही. आणि तो कुणाच्या हातात आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. सोमवारपासून धाकटी धुलाईघरात गेली.

शनिवारी दुपारी ती माझ्याकडे आली. हात कोपरापर्यंत लाल झाले होते, तिथलं पाणी फार गरम असतं. मला ते बघवेना. मी प्रत टेबलावर ठेवली आणि विचारलं, “काय वाटतं तुला? घरी की संस्थेत?”

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मी चेष्टा करते आहे की काय म्हणून. मग बसली.

“घर की संस्था, त्याने काय होतंय,” ती म्हणाली. “पाणी मागितलं की कुणीतरी उठून आलं पाहिजे. भरल्या घरातून आलेल्या बायका बघितल्यात मी, पाठीला जखमा झालेल्या. कुणी कूस बदलली नव्हती. आणि वॉर्डात सोळा खाटांना एक आया. दोघींनी एकदम हाक मारली की एक ओलीच राहते. घरी ठेवायचं तर घरातल्या एकीचाच जीव काढू नका, पाळ्या लावा. संस्थेत ठेवायचं तर आया वाढवा. आणि कुठंही ठेवा, बाईला विचारून ठेवा. तिला कुणी विचारतच नाही.”

मत होतं, कारणं होती, दोन्ही बाजू होत्या, उदाहरण होतं. मी तिला सांगितलं, याला मी आठपैकी आठ दिले असते.

तिने प्रत जवळ ओढली आणि तो प्रश्न पुन्हा वाचला. शब्दाशब्दाखाली बोट ठेवत, सावकाश.

“एवढंच लिहायचं होतं?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

“हे तर मला येत होतं, ताई.”