तळ्याखालची विहीर

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. बरीच वर्षं मी जमिनीत पुरलेली होते. पुरलेल्या माणसाला बोलता येत नाही असं म्हणतात. विहिरीचं तसं नसतं. तिला बोलता येतं, फक्त ऐकणारा पाहिजे आणि वारा पडलेला पाहिजे. आता वारा पडलेला आहे. बसा. पण काठाच्या फार जवळ नको.

अणदूरहून जळकोटकडे जाताना एक माळ लागतो. त्या माळाच्या उतारावर कोंडीराम नावाच्या शेतकऱ्याच्या आज्यानं मला खोदून घेतलं. वडारांनी पहारी मारून मुरूम काढला, मग सुरुंग लावून काळा पाषाण फोडला. पाणी लागलं ते असल्या जोरानं की तळाशी उभ्या असलेल्या वडाराचं मुंडासं उडालं आणि पुढच्या बाजारात जळकोटला सापडलं. यात तिळभर खोटं नाही. असलंच तर मूठभर असेल.

मग माझे दिवस आले. मोट चालायची, चाक कुरकुरायचं, काठावरच्या थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडात, पाणी धबाधबा पडायचं. माझ्या पाण्यात शिजलेली डाळ लवकर मऊ होते, असं बायका एकमेकींना सांगायच्या. मला ते ऐकू यायचं आणि पाणी वीतभर वर यायचं. कौतुक कुणाला आवडत नाही?

आता माझी एक खोड सांगते. विहिरीत तोंड घालून हाक मारली की हाक परत येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कधी नीट ऐकलंय? परत येणारी हाक जरा लहान असते. उरलेली कुठं जाते? ती मी ठेवून घेते. दगडांच्या सांध्यात, कपारीत, पारव्यांच्या घरट्यामागं. माझ्यापाशी अशा पुष्कळ हाका आहेत.

त्यातल्या दोन मला फार जिवाच्या. एक तुळजाबाईची. ती कोंडीरामची आई. कोंडीराम लहानपणी माझ्यात पोहायला पडला की वर यायचं नाव घ्यायचा नाही. मग ती काठावर येऊन ओरडायची, “कोंड्याऽ, भाकर निवाय लागली, वर ये रं!”

दुसरी हाक मथुराबाईची. तिला माझ्या काठावर यायची बंदी होती. का, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. सांगताना त्यांची मान खाली गेली, तर समजा त्यांनी खरं सांगितलं. मथुराबाई थारोळ्याच्याही पलीकडे, उन्हात, रिकामी घागर ठेवून उभी राहायची. “ओ माय, घागरभर पानी वाढा की!” कुणाच्या मनात आलं तर वाढायचं. नाहीतर सावली पायाखाली येईपर्यंत ती उभीच. तिची हाक वाऱ्याबरोबर घरंगळत माझ्यात यायची. ती मात्र मी कधीच परत दिली नाही. सगळीच्या सगळी ठेवून घेतली. का, ते मलाही सांगता येणार नाही.

पुढे मोट गेली, इंजिन आलं, इंजिनाच्या जागी मोटार आली. तुळजाबाई गेली. कोंडीराम मोठा झाला, मिशीवाला झाला. उन्हाळ्यात माझं पाणी जरा खाली जायचं, एवढंच निमित्त. तेवढ्यात नव्या विहिरीची योजना आली. सरकार वाटा देणार होतं. अट अशी की शेतात आधीची विहीर नसावी.

कोंडीरामच्या शेतात मी होते. मग मी नसायला पाहिजे, असं त्यानं ठरवलं.

ट्रॅक्टरनं दगड आले, मुरूम आला, बांधावरची माती आली. प्रत्येक दगडाबरोबर माझं पाणी वर यायचं, जणू ते बाहेर पळू बघत होतं. शेवटची माती पडायच्या आधी कोंडीराम सवयीनं काठावर वाकला आणि आपलंच नाव घेऊन हाक मारली. “कोंड्याऽ!”

हाक परत आली नाही.

त्यानं घाईघाईनं माती लोटली आणि वरून नांगर फिरवला. पण त्या दिवसापासून तो त्या जागेवर कधी पाय ठेवीना. औत तिथं आलं की वळसा घालायचा. त्याची नवी विहीर अजून आहे. तिच्यात कोरडा पाषाण लागला. सध्या सरडे राहतात.

नंतर कोंडीरामनं ते रान पिराजीला विकलं. हा पिराजी मथुराबाईचा मुलगा, एसटीत ड्रायव्हर. सौदा झाला, पण मी कुठं आहे ते कोंडीराम बोलला नाही. पिराजी नोकरीतून सुटला आणि वर्षभरात वारला. रान राहिलं त्याच्या बायकोकडं, केशरबाईकडं. तिनं उतारावर सीताफळं लावली. रोपं कमरेएवढी झाली आणि पाणी कमी पडायला लागलं. उन्हाळ्यात ती डोक्यावर पाणी आणून एकेका झाडाला तांब्यातांब्यानं घालायची. तिची पावलं मी खालून मोजायची नाही, पण ओळखायची. थकलेली पावलं जमिनीत खोल उमटतात.

मग शेततळ्याची योजना आली. आधी शेतकऱ्यानं आपल्या पदरचं घालून खोदायचं, मग कृषी सहायकानं येऊन मोबाइलवर फोटो काढायचा, मग सरकारचा वाटा यायचा. केशरबाईनं पिराजीची पुंजी बाहेर काढली. कृष्णराज नावाचा तरुण कृषी सहायक आला, उतार बघून जागा दाखवून गेला. बरोब्बर माझ्या डोक्यावर.

जेसीबीवाला तर खूश झाला. “मावशी, माती कशी लोण्यावानी लागलीय! डिझेल वाचलं बगा तुमचं.”

मुरमाड माळावर माती लोण्यासारखी का लागावी, हे कुणीच विचारलं नाही. काम लवकर उरकतंय या आनंदात सगळे होते. बांधावर म्हातारा कोंडीराम उभा होता. त्यानं बोलायला तोंड उघडलं. मग त्यात तंबाखूची चिमूट टाकली आणि मिटून घेतलं.

तळं पावसात भरलं. कृष्णराजनं फोटो काढला. एक वाटा केशरबाईचा, एक वाटा सरकारचा. तिसरा वाटा माझा, तो मी घ्यायला लागले. आठवडा संपायच्या आत तळ्याचा तळ दिसला. परत पाऊस झाला, परत भरलं, परत गेलं. ना पाझर दिसे, ना ओल. आणि टळटळीत दुपारी, चिटपाखरू नसताना, रिकाम्या तळ्यातून मोटेचं चाक कुरकुरल्याचा आवाज यायचा. त्या शिवारात मोट बघितलेली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. मेंढरं तळ्याच्या काठाला येऊन थबकायची आणि एकाच जागेकडं टक लावून बघायची.

“मुरूम पितोय पानी,” लोक म्हणाले. “कागद टाका.” कागद म्हणजे तळ्यात अंथरायचं जाड काळं प्लास्टिक. त्यालाही योजना होती, पुन्हा तीच रीत. केशरबाईनं उरलीसुरली पुंजी घालून कागद अंथरला. आता हे पाणी टिकलं तर बाग जगणार होती. नाही टिकलं तर पुढचा उन्हाळा त्या झाडांचा शेवटचा. तिला ते पक्कं ठाऊक होतं, आणि मलाही.

श्रावणात माझ्या पोटात झरे भरले. पाणी चढलं, तशी इतक्या वर्षांची कोंडलेली हवा वर सरकली आणि कागदाखाली जमली. तळ्याच्या मधोमध कागद फुगला. आधी टोपलीएवढा, मग म्हशीच्या पाठीएवढा. सावकाश वर यायचा, सावकाश खाली बसायचा. श्वास घेतल्यासारखा. पावसाचं पाणी बिचारं कोपऱ्यात सरकून बसलं.

कृष्णराज तपासणीला आला तेव्हा भर दुपार होती. पान हलत नव्हतं.

“मावशी, तळ्यात हे काय झोपवलंय?”

“झोपवलं न्हाय सायेब, पोट आलंय त्याला. रोज वाढतंय. दिवस भरले की कळवते, बारशाला या.”

कृष्णराज हसला, पण पुढे गेला नाही. कोंडीराम बांधावरून ओरडला, “वाळूची पोती टाका म्हनतो म्या! दाबून टाका ते!”

“आण्णा, लांबून काय वरडता? खाली या की.”

“गुडघं धरल्यात माजे.”

“व्हय का? सकाळच्याला चिंचंवर चढला व्हता तवा कुनाचं गुडघं व्हते?”

कृष्णराज म्हणाला, “आत हवा धरलीय, मावशी. जरासं कापू, हवा काढू, ठिगळ लावू. वरून पोती टाकू. नाल्याचं पाणी भरून फोटो काढला की तुमचं काम झालं.”

केशरबाई कागदावरून चालत मध्ये गेली आणि विळ्याचं टोक टेकवलं.

मित्रांनो, ती हवा थंडगार होती. भर उन्हात केशरबाईच्या अंगावर काटा आला. ओल्या पाषाणाचा, शेवाळाचा, पारव्यांच्या पिसांचा वास आला. आणि त्या वासामागून, खूप खोलातून, एक बाई हाक मारत वर आली.

“कोंड्याऽ… भाकर निवाय लागली… वर ये रं…”

कृष्णराजनं झटकन खिसा चाचपला. “कुणाचा मोबाइल वाजला?”

कुणाचाच नव्हता. कोंडीराम बांधाच्या कडेला आला होता. सत्तरी ओलांडलेला तो म्हातारा लहान पोरासारखा म्हणाला, “आलो गं आई.”

कागदाचा फुगा जरा खाली बसला. मग दुसरी हाक आली. ही हळू होती, तोंडावर पदर धरून मारल्यासारखी.

“ओ माय… घागरभर पानी वाढा की…”

केशरबाईच्या हातून विळा पडला. हा आवाज तिचा ओळखीचा होता. सासूचा, मथुराबाईचा. म्हातारपणी घराच्या दारात नळ आला, तरी म्हातारी नळाला हात लावायची नाही. जरा लांब उभी राहायची आणि अगदी अशीच पाणी मागायची. “आवं आत्याबाई, आपलाच नळ हाय, घ्या की!” म्हणून केशरबाई तिच्यावर चिडायची. म्हातारी हसायची, पण जागची हलायची नाही. ती कुठं उभी राहायला शिकली होती, ते केशरबाईला आज कळलं.

तिनं बांधाकडं बघितलं. “आण्णा, हितं काय हाय?”

“हीर हाय,” कोंडीराम म्हणाला. “माज्या आज्याची. नव्या हिरीपायी म्या बुजवली.”

कृष्णराजचा चेहरा उतरला. “मावशी, मी काही ऐकलं नाही असं समजा. विहीर निघाली तर हे तळं बाद होईल. कागदासाठीचा सरकारचा वाटा विसरा. आणि खाली पाणी नसलं तर?”

“तर बाग गेली माजी.”

“मग ठिगळ लावू?”

“ठिगळ लावलं तर पानी टिकंल का? खरं सांगा.”

तो खोटं बोलू शकला असता. पण ते उघडं भोक समोर असताना खोटं बोलायचं धाडस त्याला झालं नाही. “एखादा पावसाळा. मग खालचा भराव खचेल, कागद फाटेल.”

केशरबाई उतारावरच्या झाडांकडं बघत राहिली. मग म्हणाली, “माजी सासू जल्मभर हुबी ऱ्हायली. आता तिच्या डोस्क्यावर कागद टाकून आनखी हुबी करू व्हय? काढा ते. उघडा.”

तेव्हा कोंडीराम बांधावरून उतरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वळसा न घालता सरळ चालत आला, टाच रोवून म्हणाला, “हितं.” आणि पहिला दगड त्यानं स्वतः उचलला.

जेसीबी आला, माणसं आली. भराव निघत गेला तसं पाणी दिसलं. माझं पाणी होतं, आणि तळ्याचं गेलेलं सगळं पाणीही होतं. मी काही चोर नव्हते. थोडं प्यायले असेन, राखण केल्याची मजुरी म्हणून.

कोंडीरामनं घागरीला दोर बांधला. “केशरबाई, सरका. म्या काढून वाढतो तुमाला.”

“ऱ्हाऊ द्या आण्णा. आजवर लई वाढलं तुमी लोकांनी.” तिनं दोर त्याच्या हातातून घेतला, काठावर पाय रोवले आणि पहिली घागर स्वतः ओढली. मग म्हणाली, “तुमी ओंजळ धरा. म्या वाढते.”

म्हातारा वाकला. ओंजळ धरली. प्यायला, आणि बराच वेळ वर बघितलं नाही.

बाग जगली. आता वाटेनं जाणारे सीताफळं मागायला थांबतात. मी विहीर की तळं यावर कचेरीत बरीच माथापच्ची झाली आणि सरकारचा वाटा काही आला नाही. पुढे कृष्णराजनं खटपट करून मला विहीर पुनर्भरणाच्या योजनेत बसवलं. उतारावरचं पाणी आता दगडगोट्यांतून गाळून माझ्यात सोडतात. दर पावसाळ्यानंतर तो फोटो काढायला येतो. फोटोत मी असते, काठावर केशरबाई असते. आणि मागे, पूर्वी थारोळं होतं त्याच्या पलीकडे, कुणीतरी बाई उभी असते, असं तो सांगतो. म्हणून तो फोटो मोठा करून बघत नाही. पण अलीकडं म्हणाला, दर वर्षी ती जरा जवळ आलेली दिसते.

मित्रांनो, तुमच्या शिवारात एखादी जुनी विहीर असेल तर तिच्यात कचरा टाकू नका. नव्याच्या हौसेपायी तिला बुजवू नका. तिचा गाळ काढा, काठ सांभाळा, आणि काठावर कुणाला उन्हात ताटकळत ठेवू नका. आम्ही विहिरी पाणी विसरतो एखाद्या वेळी. हाक विसरत नाही.

आता उठा, घरी तुमची वाट बघत असतील. जाण्याआधी वाटलं तर काठाशी या, घट्ट धरून वाका आणि आपलं नाव घेऊन एक हाक मारा. मी ती नक्की परत देईन.

जवळजवळ सगळी.