पाठ नसलेला बाक

बायको गेली ते मला सुतारकामाच्या शेडमध्ये कळलं. एका दाराच्या चौकटीला रंधा मारत होतो. मेहुणी इस्पितळातून थेट आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, रंधा ठेवा." मी ठेवला. पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

रिक्षात मात्र ती आणखी एक गोष्ट बोलली. "ताईच्या हाताला काखेतली गाठ वर्षभरापूर्वीच लागली होती. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

"का?"

"चिठ्ठीसाठी त्या बाकावर बसावं लागलं असतं."

तो बाक मी केला आहे.

आमच्या चर्चच्या आवारात दर गुरुवारी मोफत दवाखाना असतो. घरापासून चालत चार मिनिटं. पण डॉक्टरकडे जायला चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी मिळते रविवारी उपासना संपल्यावर, दाराजवळच्या बाकावर बसलेल्यांना. धान्याची पिशवीही तिथेच. ज्याला मदत हवी त्याने उपासनाभर त्या बाकावर बसायचं, असा नियम आहे. आठ वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी मला बोलावून माप दिलं. मी विचारलं, "पाठ किती उंच ठेवू?" ते म्हणाले, "पाठ नको. तिथे कोणी कायमचं बसणार नाही." मला ते पटलं. मजुरी घेऊन घरी आलो.

तीन वर्षांपूर्वी यंत्रात माझी दोन बोटं गेली. पाच महिने काम नव्हतं. आम्ही पिशवी घेतली. ती मिळाली नसती तर उपाशी राहिलो असतो, हे मी नाकारत नाही.

बायको लग्नाआधीपासून गाणाऱ्यांच्या रांगेत, अगदी पुढे उभी राहायची. पिशवीसाठी मी पहिल्यांदा बाकावर बसलो त्याच रविवारी, उपासनेआधी, गाणी बसवणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. "काही दिवस मागे बस. लोक बोलतात गं. मदतही घ्यायची आणि पुढे उभं राहून मिरवायचंही?"

ती मागे आली. माझ्या शेजारी बसून कानात म्हणाली, "अहो सुतार, पाठ टेकायला काहीतरी ठेवायचं होतंत."

"मला काय माहीत, आपणच बसणार!"

"म्हणूनच ठेवायचं होतं."

पलीकडे बसलेले इस्त्रीवाले आजोबा हसले. "सूनबाई, इथे देव कमी आणि हॉर्न जास्त ऐकू येतात. होईल सवय."

तिला सवय झाली नाही. प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायची भाकर पुढच्या रांगांपासून वाटत आणत आणि बाकापर्यंत शेवटी पोचे. एकदा भाकर संपली. वाटणाऱ्या गृहस्थांनी रिकामी ताटली दाखवली आणि म्हणाले, "थांबा हं, पिशवी आणतो." घरी भांडी घासताना बायको म्हणाली, "मी पिशवी मागितली नव्हती."

माझं काम सुरू झालं आणि ती पुन्हा पुढे जाऊन गायला लागली. मला वाटलं, विसरली. मग गाठ लागली, आणि तिला एकच निवडता येणार होतं, चिठ्ठी किंवा गाणं. सरकारी इस्पितळ दोन बस बदलून आहे. तिकडे जायचं तर मला सांगावं लागलं असतं, आणि मी तिला हाताला धरून आधी बाकावर नेलं असतं. नेलंच असतं. ती गात राहिली. उभं राहवेना तेव्हा मला कळलं, आणि तेव्हा फार उशीर झाला होता.

दफनानंतर दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. हातात पिशवी. "काही लागलं तर कळवा. आज अजून तीन घरं करायची आहेत."

"आणि प्रार्थना?"

"हो हो, करू या ना." उभ्यानेच केली, लवकर संपवली.

मी म्हणालो, "तो बाक मला काढायचा आहे."

"अहो, ती सोय आहे. दोनशे घरं सांभाळतो आम्ही. कुणाला काय हवं ते कळणार कसं?"

"घरी जाऊन. बसून. विचारून."

"एवढा वेळ कुणाकडे आहे? भुकेल्याला नुसता उपदेश पाजू का?"

"उपदेश कोण मागतंय? पिशवी द्या, चिठ्ठी द्या. पण त्यासाठी माणसाला प्रभूच्या मेजावरून उठवू नका. तेवढ्यासाठीच येतो आम्ही तिथे."

"तुम्ही दुःखात आहात."

"आहे. आणि शुद्धीवरही आहे."

पिशवी मी त्यांच्या हातात परत दिली.

त्या रविवारी मी बाकावर जाऊन बसलो. गाणी बसवणाऱ्या बाई लगबगीने आल्या. "इथे का बसलात? तुम्हाला आता काय हवंय?"

"भाकर," मी म्हणालो. त्या परत गेल्या.

मंडळीच्या पंचांकडे मी बाक काढण्यासाठी अर्ज दिला. दोनदा पुढे ढकलला. तिसऱ्यांदा एक पंच म्हणाले, "हवी तर पाठ बसवून द्या, खर्च देऊ." मी नाही म्हणालो. पाठ बसवली की तो कायमचाच तिथे राहील.

बाक अजून दाराशीच आहे. गेल्या रविवारी त्यावर आम्ही सात जण होतो. माझ्या शेजारच्या बाईने पदराखाली हात काखेशी दाबून धरला होता. तिला चिठ्ठी हवी होती, आणि उपासना संपायला अजून तास होता.