पुढं टाकलेला चेंडू

१९०६ सालच्या सप्टेंबरात आमच्या ॲल्डन कॉलेजचे अध्यक्ष डॉ. प्रॅट टोपी हातात घेऊन मैदानावर आले आणि आम्हाला म्हणाले, "एक हंगाम देतो. यंदा ज्या दिवशी एखादं पोर मैदानावरून उचलून न्यावं लागेल, त्या दिवसापासून या कॉलेजात फुटबॉल नाही."

आदल्या वर्षी आमच्या संघातल्या क्लेमला दाराच्या फळीवर घालून नेलं होतं. क्लेम अजून आईच्या हातानं जेवत होता. आमचा अमेरिकेतला फुटबॉल हातात चेंडू घेऊन खेळायचा, आणि तेव्हाचा खेळ म्हणजे माणसांच्या भिंतीवर भिंत घालायची. एकानं चेंडू पोटाशी धरून घुसायचं, बाकीच्यांनी त्याला मागून रेटायचं, आणि ढीग उपसला की खाली कोण सापडतंय ते बघायचं.

त्या दिवशी क्लेमला मागून रेटणारे हात आमच्या कप्तानाचे होते, हाल्वर ट्वेटचे. नॉर्वेहून आयोवात आलेल्या शेतकऱ्याचा हा पोरगा, उंच, शांत. दर रविवारी चर्च सुटलं की तो क्लेमच्या खाटेशी जाऊन बसायचा. हाडं न मोडता हा खेळ खेळता येतो, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. अध्यक्षांना दिसेल तेव्हा दिसो, आधी क्लेमला.

"यंदा रेटारेटी नाही," तो म्हणाला. "नव्या नियमात चेंडू पुढं फेकता येतो. आपण फेकू."

"पोरी फेकतात तसा?" आमचा दांडगा गस म्हणाला.

"पोरी फेकतात तसा. तुला जमतोय का बघू."

कोणालाच जमेना. चेंडू भोपळ्यासारखा गलेलठ्ठ, आणि कोणाचा हात न लागता भुईवर पडला की समोरच्यांचा व्हायचा. मी, वेंडेल, कडेला खेळायचो. झेलायचं काम माझं. मी जाऊन उभा राहायचो, हाल्वर फेकायचा, आणि चेंडूच्या आधी समोरचे तिघे माझ्यापाशी पोहोचायचे. पहिला सामना बावीस-शून्य हरलो, दुसरा सोळा-शून्य. तिसऱ्यात कोणाचेच गुण झाले नाहीत, तर गसनं केक आणला.

"कितीला हरलात?" क्लेम पडल्या पडल्या विचारायचा.

"यंदा कमीला," हाल्वर सांगायचा.

ऑक्टोबर सरता सरता मका वाळला आणि कॉलेजला मका सोलायची सुट्टी लागली. निम्मी पोरं शेतकऱ्यांची. सुट्टी दिली नसती तरी गेलीच असती. माझ्या घरी शेत नव्हतं, म्हणून मी हाल्वरच्या घरी राबायला गेलो.

पहाटे गोठलेल्या दहिवरानं पानं कडक झालेली. हाताला आकडा बांधायचा, उभ्या ताटावरचं कणीस धरायचं, एका ओढीत साल फाडायची आणि कणीस शेजारून चाललेल्या गाडीत भिरकावायचं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळ्या ठोकलेल्या; कणीस फळीवर आपटायचं आणि आत पडायचं. घोडी हाकायला कोणी नसे. ती आपली आपण चालत.

हाल्वरची बहीण सिग्ने आमच्या दोघांच्या पुढं असायची. तिची कणसं ठाक ठाक वाजत. माझी निम्मी मातीत.

"वेंडेलभाऊ, कोंबड्यांना घालताय का?" ती म्हणाली.

"गाडी हलते ना."

"गाडी हलणारच. ती आहे तिथं कशाला फेकता? ती जाणार तिथं फेका." आणि आईकडून आलेलं गाणं ती मान न वळवता गुणगुणू लागली:

मागं नको पाहू बाई, मागं राहिली गं माती,
घोडी चालली पुढती, पुढं टाक गं तू मोती.

हाल्वरचा हात कणसावरच थांबला. मग तो मला म्हणाला, "वेंड्या, चल. ओळीच्या टोकाकडं पळ."

"काम टाकून?"

"पळ रे. थांबायचं नाही, मागं बघायचं नाही."

मी पळालो. पहिलं कणीस पाठीत बसलं, दुसरं कानाशी. सिग्ने हसून हसून वाकली. विसावं कणीस माझ्या पुढ्यात, हातभर अंतरावर, असं आलं की मी ते चालता चालता उचलल्यासारखं घेतलं. ती सुट्टी आम्ही तशीच घालवली. दिवसभर सोलणं, जेवणाच्या वेळेला पळणं. हाल्वरचे वडील, म्हातारे ट्वेट, घरातल्या धन्याच्या खुर्चीतून खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, "कॉलेजात हेच शिकवतात होय."

नोव्हेंबरातले दोन सामने आम्ही जिंकलो. मी पळत सुटायचो, जागा मोकळी दिसायची, आणि त्या मोकळ्या जागेत मी पोहोचायच्या वेळेलाच चेंडू उतरायचा. समोरच्यांना कळायचं नाही की धरावं कोणाला. दोन्ही सामन्यांत कोणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. डॉ. प्रॅट दोन्ही वेळा मैदानाच्या कडेच्या चुन्याच्या रेघेशी उभे होते.

शेवटचा सामना आभाराच्या सणाच्या, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, वॉकर फॉल्सच्या संघाशी. घराघरांत टर्की भाजत टाकून गाव मैदानावर आलेलं. जमीन गोठून लोखंड झालेली. पाच-पाच अशी बरोबरी, शेवटची काही मिनिटं. हाल्वरनं फेकला, मी झेलला, आणि त्याच क्षणी दोघे दोन बाजूंनी आले. माझ्या गुडघ्यातून वाळलं ताट मोडल्यासारखा आवाज आला. तो मला कळला, तसा रेघेशी उभ्या असलेल्यांनाही कळला असावा.

शुद्ध होती. अट आठवत होती. मी पालथा झालो आणि हाताच्या कोपरांवर रेघेकडं सरकू लागलो. तीस पावलं असतील.

गस धावत आला. "असाच ये, लेका. उचलत नाही आम्ही. ये."

मी पाच-सात हात गेलो असेन. तोंडात माती, डोळ्यांपुढं काळोख. मग हाल्वरचे बूट समोर दिसले.

"थांब."

"हात लावू नकोस. आणखी थोडंच आहे."

"वेंड्या, क्लेमच्या वेळेला मी रेटत राहिलो होतो," तो म्हणाला. "थांब म्हटलंय."

त्यानं वाकून मला पोत्यासारखं खांद्यावर घेतलं. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होतो, शिव्या देत होतो, रडत होतो. तो सरळ डॉ. प्रॅट यांच्या समोरून चालत गेला. "उचलून नेतोय, सर," एवढंच म्हणाला.

सामना बरोबरीत सुटला. अध्यक्षांनी शब्द पाळला. जानेवारीत मैदानावरचे गोलाचे खांब उतरवले. मी खाटेवर होतो. हाल्वर आला तेव्हा मी भिंतीकडं तोंड केलं.

"चेंडू फेकला तरी हाड मोडतं," तो म्हणाला. "कमी मोडतं. आणखी कमी करता येईल."

"कुठं करणार? मैदान गेलं."

"आमचं कुरण आहे."

वसंतात सिग्नेनं सगळ्यांच्या शर्टांवरचं कॉलेजचं अक्षर उसवलं. हाल्वरनं एक नियम घातला: माणूस पडला की सगळ्यांनी उभं राहायचं, वर कोणी पडायचं नाही. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी येऊ नये. चार संघांना पत्रं गेली. तिघांनी चेष्टा केली. एक आला.

मी काठी टेकून रेघेशी उभा होतो. चुना टाकायचं काम आता माझं. त्यांच्या कप्तानानं कागद काढून विचारलं, "तुमच्या संघाचं नाव काय लिहू?"

"ट्वेटचं कुरण," हाल्वर म्हणाला, आणि गायी बाजूला हाकायला गेला.